नदीकाठच्या बागेतली पायवाट: कुठून न्यायची, कशाची करायची?

कृष्णाकाठचा
मंडळी, थोडी मदत हवी आहे. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी नगरपालिकेची जुनी बाग आहे. घाटापासून जुन्या पुलापर्यंत ६४० मीटर पायवाट करायचं अंदाजपत्रक तयार झालंय आणि हरकती-सूचना मागवल्यात. त्यात असं आहे: २ मीटर रुंद वाट, अगदी काठालगत, ६० मिमीचे पेव्हर (सिमेंटचे ठोकळे), नदीच्या बाजूला सलग १.२ मीटर उंच स्टीलचं रेलिंग. दर १० मीटरला गुडघाभर उंचीचे एलईडी दिवे. काठ पात्रापासून साधारण ६ मीटर उंच, वर पोयटा, खाली काळी माती. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत बाग पूर्ण पाण्याखाली होती. प्रश्न तीन:
१) वाट काठावरून की आतून?
२) पेव्हर की काँक्रीट?
३) रेलिंग हवंच का?

टवाळ
४) उद्घाटन पुराआधी की पुरानंतर?

ओव्हरसियरकाका
टवाळांचा प्रश्न वाटतो तितका टवाळ नाही. असो.

आधी कागद मागा. नुसता प्लॅन बघून काही कळत नाही. दर ३० मीटरला नदीपात्रापासून रस्त्यापर्यंतचा आडवा छेद हवा, त्यावर निळी रेषा (२५ वर्षांतून एकदाचा पूर), लाल रेषा (१०० वर्षांतून एकदाचा) आणि २०१९ ची प्रत्यक्ष पातळी. पातळी सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या मोजपट्टीच्या फुटांत नको, तुमच्या बागेतल्या आरएलमध्ये (ठरलेल्या आधारबिंदूपासूनच्या उंचीत) हवी. आयर्विनला २०१९ साली ५७ फूट ६ इंच पाणी होतं, पण त्यावरून तुमच्या बाकावर किती होतं ते कळणार नाही. घाटावरच्या देवळाच्या भिंतीवर पुराची खूण असेलच, तिथून डम्पी (पातळी मोजायची दुर्बीण) लावून तासाभरात पातळी आणता येते.

निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. उद्यान, मैदान असा मोकळा वापर चालतो. म्हणजे वाट जमिनीच्या पातळीलाच हवी. अंदाजपत्रकात ‘मुरूम भराव’ची बाब किती घनमीटर आहे ते आधी बघा. ६४० × २ मीटरला १५० मिमीचा थर धरला तर १९२ घनमीटर लागतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर वाटेच्या नावाखाली बांध घातला जातोय असं समजा.

मुठेकाठी
काकांना अनुमोदन. पात्रातल्या भरावाचं उदाहरण पुण्यात आहे. विठ्ठलवाडी-वारजे रस्ता निळ्या रेषेच्या आत भराव टाकून केला, हरित लवादाचा २०१३ सालचा निकाल त्याच्या विरोधात गेला आणि केलेलं काढायची वेळ आली.

रेषेवरही डोळे मिटून विसंबू नका. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला धरलेली आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजारांच्या आसपास सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. पात्र आवळलं की तेवढ्याच क्युसेकला पातळी वर जाते, नकाशावरची रेषा मात्र जागची हलत नाही.

गोदाकाठ
पूर कोणत्या जातीचा ते आधी ठरवा. नाशकात गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी काही तासांत दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं आणि तसंच उतरतं. ते धावतं पाणी, वाटेतलं उचकटून नेतं. सांगलीकडचा पूर सावकाश चढतो आणि आठ-आठ दिवस बसून राहतो. तिथे ओढ कमी, पण गाळ भरपूर आणि जमीन पार भिजून फुगलेली. गोदेकाठी शोभणारं डिझाइन कृष्णेकाठी जसंच्या तसं उचललं तर नको तिथे खर्च होईल.

टवाळ
अलमट्टी धरणाचा विषय कोणी काढू नये ही नम्र विनंती, नाहीतर धागा तिकडेच वाहून जाईल.

मुरूम_खडी
गोदाकाठ यांनी नेमकं सांगितलं. त्याच्यावरूनच प्रश्न १ चं उत्तर येतं.

साचलेल्या पुरात काठ चढत्या पाण्याने पडत नाही, उतरत्या पाण्याने पडतो. आठ दिवसांत काठाची माती आतपर्यंत भिजते. पाणी आहे तोवर नदीच बाहेरून त्या मातीला टेकू देत असते. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू गेला, पण मातीतलं पाणी आतच अडकलेलं. काळ्या मातीतून ते लवकर निघत नाही. त्या वजनाने काठाचा अख्खा तुकडा खाली बसतो. पहिली खूण म्हणजे काठाला समांतर, १ ते ३ मीटर आत पडलेली लांब भेग. तुमची २ मीटरची वाट बरोबर त्या भेगेवर बसते!

ढोबळ हिशेब असा: काठाच्या पायथ्यापासून १:२ च्या उताराची रेषा वर काढा. काठ ६ मीटर उंच, म्हणजे पायथ्यापासून आडवं १२ मीटर. त्यात आणखी ३ मीटर धरा. काठ जवळपास उभा असेल तर वरच्या कडेपासून वाट १२-१५ मीटर आत येते. नदी दिसायला हवी हे खरं, पण त्यासाठी ६४० मीटर वाट कड्यावर नेण्याची गरज नाही. जिथे खडक उघडा आहे किंवा जुन्या घाटाची दगडी भिंत शाबूत आहे, तिथे दोन-तीन ठिकाणी फाटे काढून काठापर्यंत न्या आणि तिथेच बसायची जागा करा.

वाईकर
काठाला गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) लावून वाट जागच्या जागी ठेवता येणार नाही का?

मुरूम_खडी
येईल, पण गॅबियनचा खर्च वाटेच्या कितीतरी पट होईल. नुसती जाळीची पेटी काठाला टेकवून भागत नाही. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवं, नाहीतर माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि वाट पोकळीवर उभी राहते. पायथ्याला पात्रात पसरलेली दगडी चादर हवी, म्हणजे खालून झिजलं तरी ती वाकून बसते. अंदाजपत्रकात बहुतेक वेळा पेटी असते, चादर नसते. बिनखर्चाचा उपाय म्हणजे वाट मागे घेणं.

वाळुंज
काठ मोकळा सुटला तर तिथे झाडं राहू द्या. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, त्यांच्यावर करंज, उंबर, जांभूळ. ही झाडं आठवडाभर पाण्यात उभी राहिली तरी मरत नाहीत, मुळं काठ धरून ठेवतात. लॉन लावू नका, एका पुराच्या गाळात ते संपतं.

असलेल्या झाडांजवळून जाताना खोडापासून निदान दीड मीटर, मोठ्या उंबराला तीन मीटर मोकळे सोडा. ५० मिमीपेक्षा जाड मूळ तोडायचं नाही. तेवढ्या टप्प्यात खोदाई न करता वरूनच मुरुमाची वाट न्या. खोडाला काँक्रीटचा गळपट्टा घालून वर गेरू-चुना फासणं बंद झालं तर फार बरं. एखादं झाड आड येतंच असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अंदाजपत्रकात झाडांचा नकाशा जोडलेला आहे का बघा, बहुधा नसेल.

उतारपट्टी
रुंदीबद्दल कोणीच बोललं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पायी वाटेसाठी किमान १.८ मीटर *मोकळी* रुंदी सांगितलेली आहे. २ मीटरच्या वाटेत दिव्याचा खांब, कचराकुंडी आणि बाकावर बसलेल्यांचे पाय आले की उरते सव्वा मीटर. बाक आणि खांब वाटेबाहेर ६०० मिमीच्या वेगळ्या पट्टीत टाका. शिवाय सकाळी आपल्याकडे तिघं-तिघं शेजारी चालतात आणि समोरूनही तिघं येतात, दोन्हीकडचे राजकारणावर बोलत असल्यामुळे कोणीच बाजूला होत नाही. घाटाजवळच्या २०० मीटरला तरी ३ मीटर हवेत.

रस्त्यावरून बागेत उतरायला किती खोल आहे?

कृष्णाकाठचा
साधारण २.४ मीटर. सध्या पायऱ्या आहेत. नव्या आराखड्यात पायऱ्यांशेजारी १० मीटरचा रॅम्प दाखवलाय.

उतारपट्टी
२.४ मीटरला १० मीटर म्हणजे साधारण १:४. त्यावरून सिमेंटची गोणीसुद्धा स्वतःहून खाली जाईल. चाकाच्या खुर्चीला कमाल १:१२ चालतो, म्हणजे २८.८ मीटर, आणि दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा, असे मध्ये तीन. एकूण ३३ मीटरच्या वर जातं. दोन्ही बाजूंना हातधरे. त्याऐवजी १:२० ने वळसा घेत उतरवलात तर ४८ मीटर लागतील, पण तो रॅम्प न वाटता वाटच वाटेल; आजी-आजोबा, बाबागाडी, सगळे त्यावरूनच येतील. बागेत जागा आहे, मग १:२० च घ्या.

टवाळ
आणि मोटारसायकलीही त्यावरूनच येतील.

उतारपट्टी
येतील, आणि त्यावर सोपा उपाय नाही. खुर्चीला ९०० मिमी मोकळे लागतात, मोटारसायकलचं हँडल ७००-८०० मिमीचं. खुर्ची जाईल आणि गाडी अडेल असा खांबांतला गाळा असूच शकत नाही. आडवे-तिडवे अडथळे लावले तर आधी खुर्ची अडकते, पोरं गाडी वाकडी करून काढतात. खरा उपाय आखणीत आहे. वाट घाटापासून पुलापर्यंत सरळसोट ‘शॉर्टकट’ होत असेल तर गाड्या येणारच. पुलाकडचं टोक रस्त्याला थेट न जोडता बागेच्या आतल्या फाटकाकडे वळवा, वळसा रस्त्यापेक्षा लांब पडला की गाडीवाल्याला गरज उरत नाही.

ओव्हरसियरकाका
प्रश्न २ वर येऊ.

पेव्हर वाईट नाहीत. माणसांसाठी ६० मिमी पुरतात, सफाईची गाडी येणार असेल तर ८० मिमी. पण पुराखाली ते खालून हरतात. ठोकळ्यांखाली २५ ते ४० मिमी वाळू असते. पाणी चढताना सांधे भरतात, उतरताना तेच पाणी सांध्यांतून आणि कडेने वाळू घेऊन निघतं. आठवड्याने वरून वाट ठीक दिसते, चाललं की डुगडुगते. आणि कडेचा कर्ब हलला तर संपलंच. स्वेटरचा एक टाका सुटावा तसे ओळीने ठोकळे मोकळे होतात. पेव्हर हवेच असतील तर वाळूऐवजी ६ मिमीची ग्रिट (बारीक खडी), खाली जिओटेक्स्टाइल, आणि कर्बला दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा टेकू. कर्ब नुसता मातीत रोवलेला चालणार नाही.

दरवर्षी बुडणाऱ्या टप्प्यात काँक्रीट करा. काळी माती ४५०-५०० मिमी काढून टाका, मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर १५० मिमीच्या आत, पाणी मारून बेबी रोलर. त्यावर १५० मिमी जीएसबी (खडी-मुरुमाचा दाबलेला थर), मग १२५ मिमी एम-२५ काँक्रीट. दर ३ मीटरला आडवा सांधा, कटरने ४० मिमी खोल, ओतल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या आत. उशीर केला तर काँक्रीट स्वतःच्या मनाने भेग पाडून घेतं. नदीकडच्या कडेला ६०० मिमी खोल काँक्रीटची दातरी, म्हणजे पाणी खालून माती उकरत नाही. वरचा पृष्ठभाग झाडूच्या रेघांचा, रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या.

वाईकर
शहाबादी फरशी किंवा घाटासारखा काळा दगड? काँक्रीट रुक्ष दिसतं हो.

ओव्हरसियरकाका
शहाबादी नको, एका पावसाळ्यात शेवाळ धरते आणि लोक आडवे होतात. काळा दगड उत्तम, पण टाकी मारलेला, पॉलिशचा नाही. ७५ मिमी जाडीचा, सांधे सिमेंटने भरलेले. घाटालगतच्या पट्ट्यापुरता घ्या, सगळीकडे परवडणार नाही.

‘पाणी झिरपणारे’ पेव्हर आणि सच्छिद्र काँक्रीट यांच्या माहितीपत्रकांना भुलू नका. छताच्या पाण्याला ते ठीक. पुराचा गाळ एकदा बसला की छिद्रं कायमची बंद. लाकडी किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचा) डेकही नको, तो तरंगून पुलाच्या खांबाला जाऊन अडकतो.

घाटावरचा
काका, १२५ मिमी घाटाजवळ पुरणार नाही. गणपती विसर्जनाला ट्रॅक्टर-ट्रॉल्या घाटापर्यंत जातात, मोठ्या मूर्तीला क्रेन येते. वाट आडवी ओलांडूनच जाणार. तिथे ५-६ मीटर रुंदीचा ओलांडा वेगळा दाखवा: २०० मिमी काँक्रीट, जाळीसह, दोन्ही कडांना उतरता कर्ब. नाहीतर पहिल्याच अनंत चतुर्दशीला वाट फुटेल आणि दोष मंडळांवर येईल. जनावरं पाण्यावर न्यायची जागा आणि दशक्रियेचा घाटही लक्षात घ्या. या वहिवाटा शेकडो वर्षांच्या आहेत, वाटेने त्यांना छेद दिला तर लोक रेलिंग कापतील.

ओव्हरसियरकाका
मान्य. ओलांड्याचा मुद्दा लिहूनच द्या.

कृष्णाकाठचा
लिहून घेतोय. वाटेचा आडवा उतार नदीकडे दाखवलाय, १:५०. बरोबर ना?

मुरूम_खडी
उलटा करा. नदीकडे उतार दिला तर ६४० मीटर वाटेचं पाणी काठावरून वाटेल तिथून उतरतं आणि दोन पावसाळ्यांत घळी पडतात. उतार बागेकडे द्या, तिथे उथळ गवती चर ठेवा आणि पाणी ठरावीक ठिकाणी दगडी उतरणीने नदीत सोडा.

ओव्हरसियरकाका
इथे माझा मतभेद. बागेकडे उतार दिला की वरच्या रस्त्याचं पाणी आणि वाटेचं पाणी चरात एकत्र येतं. चर कोण साफ करणार? पहिल्या वर्षी माळी, दुसऱ्या वर्षी देव. गाळाने चर भरला की वाटच तळं. नदीकडे उतार, कडेला ३०० मिमीची दगडी पट्टी, त्यापलीकडे दाट गवत. पाणी पसरून गेलं की घळ पडत नाही.

मुरूम_खडी
पसरून जाणारं पाणी कागदावरच पसरतं काका. जमिनीवर ते सखल जागा शोधतं.

गोदाकाठ
दोघांचं खरं आहे. वाट काठापासून १२-१५ मीटर आत आली तर नदीकडे उतार चालेल, मध्ये गवताचा पट्टा आहे. काठालगतच राहिली तर बागेकडेच हवा. दोन्हींत एक गोष्ट समान: बागेचं पाणी वाट अडवणार. सखल जागी ३०० मिमी व्यासाचे ह्यूम (काँक्रीटचे) पाइप टाका किंवा वाटच तेवढ्यापुरती बशीसारखी खाली घेऊन, पाणी वरून जाईल अशी फरशी करा. मला फरशी बरी वाटते, पाइप प्लास्टिकने तुंबतो.

तिसरा_फेज
दिवे. गुडघाभर उंचीचे दिवे पूरपट्ट्यात लावू नयेत. जोडणीची पेटी बुडते, गाळ शिरतो, पुढच्या पावसाळ्यात वाटेवर गळती करंट. ४-५ मीटर उंच खांब, अंतर उंचीच्या साडेतीन-चार पट म्हणजे १५-१८ मीटर, आणि सांधे खांबाच्या वरच्या अंगाला. केबलला मध्ये जोड नको, खांबापासून खांबापर्यंत सलग. मुख्य पॅनेल लाल रेषेच्या वर, रस्त्यालगत. प्रत्येक फीडरला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). पूर येताना बागेचा टप्पा एका स्विचने बंद करता यायला हवा. प्रकाश पिवळसर, ३००० केल्विनच्या आत, तोंड जमिनीकडे, नदीवर एकही झोत नको. वटवाघळं आणि किडे यांच्यासाठी तर आहेच, शिवाय डोळ्यांत झोत आला की पलीकडे उभा माणूस दिसत नाही.

वाळुंज
त्याला जोडून: वाटेलगतची झुडपं पाऊण मीटरच्या आत आणि झाडांच्या फांद्या २.५ मीटरच्या वर राखा, नजर आरपार जायला हवी. आणि दर १५०-२०० मीटरला बाहेर पडायची वाट. संध्याकाळी एकटी बाई चालत असेल तर तिला पुढे फाटक दिसलं पाहिजे. पाणी चढायला लागलं की तीच फाटकं उपयोगी.

अमदावादी
साबरमतीच्या काठी पाणी सोडलं की खालचा फिरण्याचा पट्टा सरळ बंद करतात. वाट बंद कोणी करायची, कोणत्या पातळीला, साखळी कुठे लावायची, हे तुमच्याकडेही आधीच ठरवा. फाटकावर पातळीची पट्टी रंगवा: पाणी इथे आलं की कुलूप.

टवाळ
आमच्याकडे कुलूप लावलं की लोक पूर बघायला दुसऱ्या फाटकातून येतात.

मुठेकाठी
प्रश्न ३ राहिला. रेलिंग ६४० मीटर सलग नकोच. ते पुरात जलपर्णी, ओंडके, प्लास्टिक अडवतं. एकदा जाळं भरलं की ते रेलिंग न राहता भिंत होते आणि तळपट्ट्यांसकट उखडतं. वाट काठापासून आत असेल तर १०० मिमी उंच कडा पुरे. ज्या फाट्यांवर लगेच खोल आहे तिथेच रेलिंग, उंची १.१ ते १.२ मीटर, उभ्या गजांत १०० मिमीपेक्षा जास्त फट नाही. आडवे गज नकोत, पोरं शिडी करतात. खांब सॉकेटमध्ये बसणारे, जूनमध्ये काढून ठेवता येतील असे.

टवाळ
स्टीलचं असेल तर जूनची वाट बघावी लागणार नाही, फेब्रुवारीतच कोणीतरी काढून नेईल.

मुठेकाठी
हाहाहा. म्हणून गॅल्वनाइज्ड लोखंड. भंगारात भाव कमी.

ओव्हरसियरकाका
सूचनांत टेंडरचे दोन मुद्दे घाला. एक: दोषदायित्वाच्या काळात (काम झाल्यावर दुरुस्ती ठेकेदाराकडे असते तेव्हा) पूर आला तर ठेकेदार ‘दैवी आपत्ती’ म्हणून हात वर करतो. निळ्या रेषेपर्यंतचा पूर हा कामाचा अपेक्षित भार आहे, असं अटींत स्पष्ट लिहून घ्या. दोन: गाळ काढणं ही वेगळी बाब दरासहित. गाळ ओला असताना पाण्याच्या माऱ्याने दोन दिवसांत निघतो, वाळला की फावड्याने खरवडावा लागतो आणि सांधे जातात. त्यासाठी नळाची जोडणी आणि टँकर येईल असं ३ मीटरचं एक फाटक.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे आभार. आज पातळ्या मिळाल्या. पहिले ५०० मीटर बाग बऱ्यापैकी उंच आहे आणि वाट १४ मीटर आत घेता येते, मोठ्या पुरातच बुडेल. पण पुलाकडचे शेवटचे १४० मीटर जवळपास २ मीटर खाली आहेत, दर पावसाळ्यात दोन-तीनदा बुडतात, आणि तिथे मागे सरकायला जागा नाही, कंपाउंड आहे. काठावर तिथे भेगही दिसते. तिथेही काँक्रीट करायचं का?

मुरूम_खडी
नाही. भेग दिसते तिथे काँक्रीट टाकलं तर खालची माती सरकली तरी वरची लादी काही काळ तशीच अधांतरी उभी राहते, आणि लोक तिच्यावरून चालत राहतात. मुरुमाची वाट निदान खचलेली दिसते तरी. तिथे मुरूमच करा, २ मीटर रुंद, दरवर्षी दिवाळीनंतर नवा हात द्यायचा असं धरून. भेगेवर डांबर किंवा सिमेंट ओतू नका. भेगेत पाणी जाणार नाही एवढी मातीने बुजवा, दोन बाजूंना खुंट्या मारून अंतर मोजत राहा. अंतर वाढलं तर तो टप्पा बंद, वाट आतल्या फाटकाने रस्त्यावर.

उतारपट्टी
म्हणजे गाड्यांचा शॉर्टकटही आपोआप गेला. मुरूम नीट दाबला तर खुर्चीही कोरड्या दिवसांत जाते. फक्त ५०० मीटरच्या खुणेला ‘पुढे कच्ची वाट’ असा फलक आणि खुर्ची वळवायला दीड बाय दीड मीटरची जागा द्या.

कृष्णाकाठचा
पटलं. मग मुरूम किती लिहू? अभियंत्यांनी तोंडी ‘दहा-बारा ब्रास’ म्हटलंय.

ओव्हरसियरकाका
१४० × २ × ०.१५ = ४२ घनमीटर, दाबलेला. सुटा २५-३० टक्के जास्त धरायचा, म्हणजे ५४ च्या आसपास. एक ब्रास २.८३ घनमीटर. झाले १९ ब्रास. दहा-बाराला मागवलात तर थर ९० मिमीचा होईल आणि पहिल्या पावसात खालची काळी माती वर येईल. मोजणी ट्रॉलीवर करू नका, ट्रॉली शीग लावून येते आणि बिलही शिगेचंच येतं. दाबून झाल्यावर दर २० मीटरला खड्डा घेऊन थराची जाडी मोजा, मेजरमेंट बुकात तीच लिहायला सांगा.